लिनक्सच्या पडद्यावरचे ठिपके, रेघा आणि अंधार : दोष आधी कुठे शोधायचा?

सोलापूरच्या पूर्व भागात मागावरून उतरलेली चादर उलगडून पाहणारा जाणता विणकर दोष दिसला म्हणून लगेच माग खोलायला बसत नाही. आधी तो दोषाचे रूप पाहतो. उभी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जागी गेली असेल, तर ताण्याचा धागा तुटलेला असतो. मध्येच आडवा पट्टा वेगळ्या रंगाचा आला असेल, तर बाण्याच्या सुतात घोळ असतो. आणि मोराच्या मानेपाशी तीच चूक प्रत्येक चादरीत त्याच जागी येत असेल, तर मागाला हात लावण्यात अर्थ नसतो, कारण चूक नक्षीच्या ग्राफमध्ये किंवा जकार्डच्या, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या यंत्राच्या, कार्डातच असते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर चित्र बिघडते तेव्हाही हीच दृष्टी उपयोगी पडते. मात्र तिथे आपण बहुतेक वेळा उलटे वागतो: आधी ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिपला चालवणारा प्रोग्राम, बदलतो, मग कुणीतरी सांगितलेल्या चार आज्ञा चालवतो, आणि तेवढ्याने भागले नाही की सगळी प्रणाली नव्याने बसवतो. दोष कुठल्या टप्प्यावर शिरला हे मात्र आपण विचारलेलेच नसते.

मीही तेच केले, म्हणून हा लेख. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीजवळ माझ्या मामांचा चादरी आणि टॉवेलांच्या नक्षी तयार करून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. एका खोलीत दोन संगणक आहेत आणि दोन्हींवर लिनक्स मिंट आहे. एके काळी हे काम चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने होत असे. आता ते पडद्यावर होते, पण तत्त्व तेच आहे. नक्षीतला एक ठिपका म्हणजे ताणा आणि बाणा एकमेकांना छेदतात त्या एका जागी कोणत्या रंगाचा धागा वर येणार, याचा निर्णय असतो. त्यामुळे इतरांना खपून जाणारा एखादा चुकार ठिपका इथे खपत नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी मामांचा फोन आला: "मोराच्या पिसाऱ्यात हिरवे ठिपके पडायलेत. फाईल बिघडली का रे? पार्टीला उद्या नमुना दाखवायचाय." त्याच आठवड्यात त्या संगणकावर मोठे अपडेट झाले होते. मी पोहोचायच्या आधीच मनातल्या मनात अपडेटवर खापर फोडून मोकळा झालो होतो, आणि ते खापर चुकीच्या डोक्यावर फुटले हे समजायला मला दोन दिवस लागले.

पडद्यावर दिसणारे चित्र तिथे तयार होत नसते. ते लांबून, हातोहात आलेले असते. आपला प्रोग्राम "इथे खिडकी काढ, इथे अक्षर काढ, इथे हे चित्र ठेव" अशा सूचना देतो. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला मेसा हा मुक्त प्रकल्प त्या सूचनांचे ग्राफिक्स चिपला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; त्यातला ड्रायव्हर ते काम चिपच्या रांगेत लावतो आणि चिप चित्र रंगवून मेमरीत ठेवते. मग सगळ्या प्रोग्रामच्या खिडक्या एकत्र मांडून एकच अखंड चित्र करण्याचे काम कंपोझिटर करतो. ते चित्र मेमरीतून सलग वाचून केबलवर सोडणारा चिपचा भाग वेगळा असतो. पुढे केबल, मग मॉनिटरमधले सर्किट आणि शेवटी प्रत्यक्ष पॅनेल. साध्या १९२० गुणिले १०८० पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकासाठी ४ बाइट धरले तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात, आणि हे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे म्हणजे दर सेकंदाला जवळपास ५० कोटी बाइट वाहून न्यावे लागतात. एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या लांबच्या आणि घाईच्या वाटेवर कुठे काही सांडले, तर नवल ते काय.

लिनक्समध्ये या वाटेचा मधला भाग दोन प्रकारचा असू शकतो, आणि आपल्याकडे कोणता आहे हे माहीत असलेले बरे. १९८४ मध्ये एमआयटीत जन्मलेली एक्स ही जुनी पद्धत आणि २००८ मध्ये क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी सुरू केलेली वेलँड ही नवी पद्धत. एक्समध्ये चित्र अर्धे बदललेले असतानाच पडद्यावर जाऊ शकते, म्हणून व्हिडिओ पाहताना किंवा पान वेगाने सरकवताना चित्र आडवे कापल्यासारखे दिसते आणि वरचा तुकडा खालच्यापेक्षा किंचित पुढे गेलेला असतो. वेलँडची आखणीच अशी आहे की अर्धवट चित्र सहसा पडद्यापर्यंत जात नाही. तुमची तक्रार एवढ्याच कापले जाण्याची असेल, तर पुढचा बराचसा लेख तुम्हाला लागणार नाही: वेलँडचे सत्र वापरून पाहा, किंवा एक्सच्या इंटेल आणि एएमडी ड्रायव्हरमध्ये 'टिअरफ्री' नावाचा पर्याय असतो तो चालू करा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, 'एको' आणि पुढे डॉलरचे चिन्ह लावून 'एक्सडीजी_सेशन_टाइप' लिहिले की सध्याचे सत्र कोणते ते कळते. या लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

एक तक्रार इथेच बाजूला काढतो, कारण मराठी वापरणाऱ्यांकडून ती वारंवार येते. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडणे, जोडाक्षर फुटून हलंत दिसणे किंवा अक्षरांऐवजी रिकामे चौकोन येणे, या गोष्टींचा ग्राफिक्सशी काही संबंध नाही. अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझसारखी वेगळी व्यवस्था करते आणि चौकोन आले म्हणजे देवनागरीचा फाँट नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे ड्रायव्हर बदलून वेलांटी जागेवर येणार नाही.

आता शोध. माझ्या मते पहिली चाचणी स्क्रीनशॉटची असावी, कारण तिला पैसे, धाडस किंवा ज्ञान यांपैकी काहीच लागत नाही आणि ती एका फटक्यात अर्धी वाट वगळून टाकते. पडद्यावर दोष दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यायचा आणि त्याच वेळी मोबाइलने पडद्याचा फोटोही काढायचा. स्क्रीनशॉटमध्ये पकडले जाते ते कंपोझिटरने जुळवलेले चित्र; त्यापुढच्या केबलचा किंवा पॅनेलचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून फोटोत दोष आहे आणि स्क्रीनशॉट स्वच्छ आहे, असे असेल तर बिघाड वाटेच्या शेवटच्या भागात आहे, म्हणजे चित्र केबलवर सोडणारा भाग, केबल, मॉनिटर किंवा पॅनेल. दोन्हींत दोष असेल तर तो कंपोझिटरच्या आधी किंवा कंपोझिटरमध्येच शिरलेला आहे. मात्र स्क्रीनशॉट तपासायचा तो दुसऱ्या यंत्रावर, निदान मोबाइलवर पाठवून. बिघडलेल्या पडद्यावरच तो उघडून "यातही ठिपके आहेत की" असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि पहिल्या दिवशी त्यांत मीही होतो. या चाचणीला दोन अपवाद आहेत. चित्र कापले जाण्याचा प्रकार स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, कारण तो चित्र पाठवण्याच्या क्षणी घडतो. आणि माउसचा बाण पुष्कळदा उरलेल्या चित्रापासून वेगळ्या थरावर, थेट चिपकडूनच काढला जातो. त्यामुळे बाकी सगळे ठीक असून फक्त बाणाच्या जागी चौकोनी कचरा दिसत असेल, तर संशय त्या एका थरापुरता, म्हणजेच ड्रायव्हरपुरता ठेवावा.

दुसरी चाचणी मॉनिटरच्या बटणाची. प्रकाश कमीजास्त करण्यासाठी मॉनिटरच्या कडेचे बटण दाबले की जी छोटी पेटी उघडते, ती मॉनिटर स्वतः काढतो; संगणकाचा तिच्याशी संबंध नसतो. मामांच्या दुसऱ्या संगणकाच्या मॉनिटरवर उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक जांभळट उभी रेघ आहे. ती पेटी सरकवून रेघेवर आणली तेव्हा रेघ पेटीच्या आरपार गेली. तिथेच निकाल लागला: तो तुटलेला ताण्याचा धागा आहे, दोष पॅनेलमध्ये आहे आणि जगातला कोणताही ड्रायव्हर तो सांधणार नाही. याउलट पेटी स्वच्छ आणि मागचे चित्र विस्कटलेले असेल, तर मॉनिटर निर्दोष ठरवायला हरकत नाही. हीच कसोटी संगणक सुरू होताना येणाऱ्या बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डातल्या मूळ प्रोग्रामच्या, पडद्यालाही लावता येते. त्या वेळी लिनक्स अजून जागे झालेलेच नसते. तिथेही ठिपके असतील तर लिनक्सला दोष देणे म्हणजे घरी नसलेल्या माणसावर चोरीचा आळ घेण्यासारखे आहे.

केबलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत स्वस्त वस्तू असूनही तिच्यावर संशय सगळ्यांत शेवटी घेतला जातो. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि कारखान्यांत व्हीजीएची निळ्या तोंडाची केबल अजून भरपूर आहे. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे रंग स्वतंत्र तारांवरून जातात. निळ्याची तार तुटली की पांढरा पडदा पिवळा दिसतो, लाल गेला तर निळसर हिरवा आणि हिरवा गेला तर जांभळा. एका रंगाचे सूत संपलेल्या चादरीसारखेच हे आहे. अक्षरांना सावली येणे किंवा चित्र थरथरणे हेही तिचेच दोष, आणि जिथे अर्थिंग नीट नाही तिथे या केबलवरच्या चित्रात एक फिकट आडवा पट्टा सावकाश वर किंवा खाली सरकताना दिसतो. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमध्ये संदेश अंकांत जात असल्यामुळे चित्र असे हळूहळू बिघडत नाही. तिथे मधूनच पांढऱ्या चांदण्यांसारखे ठिपके लुकलुकतात, किंवा पडदा एकदोन सेकंद काळा होऊन परत येतो. अशा वेळी सेटिंगमध्ये रिफ्रेश दर किंवा रिझोल्यूशन खाली आणून पाहावे. केबलवरून जाणारा भार कमी होताच चांदण्या गेल्या, तर केबल तेवढा भार झेपण्याच्या लायकीची नाही. ४के मॉनिटर विकत घेऊन जुनी केबल जोडणाऱ्यांची गत हीच होते, एचडीएमआय १.४ ही जुनी आवृत्ती ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच नेऊ शकते, ६० वेळा नेण्याची सोय २.० या आवृत्तीपासून आली.

मामांच्या मोराचे ठिपके स्क्रीनशॉटमध्येही होते, हे तो मोबाइलवर पाहिल्यावर स्पष्ट झाले. म्हणजे केबल आणि मॉनिटर सुटले. फाईलचा प्रश्न मात्र राहिला होता, आणि मामांच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न होता. तीच फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली; पिसारा निर्मळ होता. इथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते, त्यामुळे तिथे विटलेले चित्र सहसा पडद्यापुरतेच विटते. परंतु प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेल्या संगणकात चित्र आणि फाईल दोन्ही मुख्य रॅममध्येच राहतात. तिथे रॅम सदोष असेल तर पडद्यावर ठिपके आणि सेव्ह केलेल्या फाईलमध्येही चूक, असे दोन्ही होऊ शकते. अशा यंत्रावर ठिपके दिसले तर काम थांबवून आधी फाईलची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि रात्रभर 'मेमटेस्ट८६+' चालू ठेवून रॅमची परीक्षा घ्यावी.

दोष वाटेच्या आधीच्या भागात आहे असे ठरले की प्रश्न उरतो तो प्रोग्राम, मेसा, ड्रायव्हर, कर्नल आणि चिप यांच्यात निवड करण्याचा. ठिपके एकाच प्रोग्राममध्ये दिसतात की सगळीकडे? ब्राउझरमध्येच दिसत असतील तर ब्राउझरच्या सेटिंगमधले, चित्राचे काम चिपकडे सोपवणारे हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहावे. कोणत्याही प्रोग्रामसाठी याच जातीची एक चाचणी आहे: टर्मिनलमध्ये 'लिबजीएल_ऑलवेज_सॉफ्टवेअर बरोबर १' असे लिहून त्यापुढे प्रोग्रामचे नाव दिले, की मेसामार्फत ओपनजीएल ही चित्र काढण्याच्या सूचनांची भाषा वापरणाऱ्या प्रोग्रामचे चित्र चिपऐवजी प्रोसेसर काढू लागतो. प्रोग्राम संथ होतो, पण दोष नाहीसा झाला तर दोष चिपमध्ये किंवा तिच्या ड्रायव्हरमध्ये आहे हे कळते. त्यानंतर नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने लॉगिन करावे. तिथे सगळे सुरळीत असेल तर घोळ तुमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये किंवा घरच्या फोल्डरातल्या साठवणीत आहे. 'डॉट कॅश' या लपलेल्या फोल्डरात मेसाची शेडर साठवण, म्हणजे चिपसाठी आधीच भाषांतर करून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामांचा साठा, असते; ती पुसली तरी काही बिघडत नाही, ती पुन्हा आपोआप तयार होते.

अपडेटवर संशय असेल तर तो तपासण्याची सभ्य रीत आहे. उबुंटू आणि मिंटमध्ये 'व्हार', 'लॉग', 'एपीटी' या फोल्डरांच्या आत 'हिस्टरी' नावाची नोंदवही असते. कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदलले ते तीत लिहिलेले असते. दोष त्या वेळेच्या आधीपासून होता का, हे घरातल्या माणसांना विचारावे. शिवाय नवे कर्नल आले तरी जुने लगेच पुसले जात नाही. संगणक सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसच्या यंत्रांवर शिफ्ट) दाबून ग्रबची, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामची, यादी आणली, की 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये मागचे कर्नल निवडता येते. मी ते निवडले, पडदा स्वच्छ आला आणि मी मामांना विजयी मुद्रेने सांगितले की अपडेटच वाईट होते. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. साडेदहाला ठिपके परत आले. मग पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स लावून पाहिले. दहा मिनिटे पडदा आरशासारखा होता, म्हणून पुन्हा प्रणालीवर संशय घेतला. या दोन्ही चाचण्या चुकीच्या नव्हत्या, माझा धीर अपुरा होता. जो दोष दीड तासाने येतो त्याची परीक्षा दहा मिनिटांत संपवून चालत नाही, आणि ज्या कामात तो येतो तेच काम परीक्षेच्या वेळी चालू असायला हवे.

नोंदी वाचण्याची सवय असती तर हा घोळ आधीच मिटला असता. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेला 'डॅश के' जोडले की या वेळच्या कर्नलच्या नोंदी दिसतात. यंत्र अडकल्यामुळे पुन्हा सुरू करावे लागले असेल तर त्यापुढे 'डॅश बी' आणि 'वजा १' लिहून मागच्या वेळच्या नोंदी वाचाव्यात. इंटेलच्या चिपवर 'जीपीयू हँग', एएमडीच्या चिपवर 'रिंग' आणि 'टाइमआउट' हे शब्द असलेली ओळ, एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरमध्ये 'एक्सआयडी' आणि त्यापुढे एक क्रमांक, या खुणा शोधायच्या. त्यातला ७९ हा क्रमांक म्हणजे कार्ड संपर्कातूनच गेले. तिथे वीजपुरवठा, खाच आणि तापमान पाहावे. मात्र नोंदींत लाल अक्षरे दिसली की घाबरून जाऊ नये. उत्तम चालणाऱ्या यंत्राच्या नोंदीतही दहावीस लाल ओळी असतात. ज्या मिनिटाला पडद्यावर दोष दिसला त्या मिनिटाची ओळ तेवढी आपल्या कामाची, म्हणून घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवणे हे अर्धे काम आहे.

तो धीर नसल्यामुळे मी दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बदलला, आणि ठिपक्यांच्या जागी नवेच संकट ओढवून घेतले. ज्या संगणकात सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय चालू असते तिथे कर्नल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. बाहेरचा ड्रायव्हर बसवताना प्रणाली एक पासवर्ड ठरवायला सांगते, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एक निळा पडदा येऊन "ही किल्ली मान्य आहे का" असे विचारतो. तो काही सेकंदच थांबतो. मी त्या वेळी शेजारच्या टपरीवर चहा घेत होतो. परत आलो तेव्हा पडद्यावर मोठाली, फुगलेली अक्षरे आणि १०२४ गुणिले ७६८ चे रिझोल्यूशन होते: जुना ड्रायव्हर बाजूला केला गेला होता आणि नव्याला दारातच अडवले होते. ड्रायव्हर पुन्हा बसवून, या वेळी समोर उभे राहून ती किल्ली मान्य केल्यावर चित्र पूर्ववत झाले, अर्थात ठिपक्यांसह.

यंत्र सुरू होतानाच पडदा काळा राहत असेल तर ग्रबच्या यादीत 'ई' दाबून 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' असे लिहावे आणि एफ१० दाबावे. याने कर्नल चिपच्या खास ड्रायव्हरला पडद्याचा ताबा देत नाही आणि बायोसने लावून दिलेल्या साध्या चित्रावर काम भागवते. हा बदल एका वेळेपुरताच टिकतो, आणि तो तेवढाच टिकावा. काहीजण तो कायमचा लिहून ठेवतात आणि मग वर्षभर संगणक मंद असल्याची तक्रार करतात. कुबडी घेऊन पायाचे दुखणे बरे होत नाही. आत शिरून ड्रायव्हर दुरुस्त केला की ती काढून टाकावी. जुन्या संगणकांच्या बाबतीत एक सावधगिरी: एनव्हिडियाच्या ४०० आणि ५०० मालिकेतल्या फर्मी पिढीच्या कार्डांना ३९० क्रमांकाचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो आणि त्याचा आधार २०२२ अखेर संपला. अशा कार्डावर नव्या कर्नलशी झुंजण्यापेक्षा नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर ठेवावा, किंवा कार्ड काढून प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर काम करावे.

लॅपटॉपवर लुकलुकण्याचे एक कारण इतके नेहमीचे आहे की ते वेगळे सांगायला हवे. पडद्यावर काहीच हलत नसताना वीज वाचावी म्हणून पॅनेल शेवटचे चित्र स्वतःच्या मेमरीत धरून ठेवते आणि चिप तेवढा वेळ डुलकी काढते. जागे होण्याचा हा मेळ चुकला तर टंकताना अक्षरे उशिरा उमटतात, पडदा क्षणभर लवतो किंवा जुन्या चित्राचा तुकडा तसाच राहतो. इंटेलच्या यंत्रावर वर सांगितलेल्या ग्रबमधल्या 'लिनक्स' ओळीच्या शेवटी 'आय९१५.इनेबल_पीएसआर=०' असे लिहून पाहावे; लुकलुक थांबली तर हा बदल कायम ठेवायला हरकत नाही, बॅटरी किंचित जास्त खर्च होईल इतकेच. झोपवलेला संगणक जागा केल्यावर पार्श्वचित्राचा चिखल झालेला असेल आणि कार्ड एनव्हिडियाचे असेल, तर झोपताना कार्डाच्या मेमरीतले चित्र नीट जपले गेले नाही असे समजावे. त्या ड्रायव्हरला सगळी मेमरी जपून ठेवायला सांगणारे सेटिंग आहे.

पडदा गोठला की आपण पॉवरचे बटण दाबून धरतो. त्याआधी कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. लागत असेल तर यंत्र जिवंत आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून साध्या अक्षरांचा पडदा मिळतो का ते बघावे आणि तिथून नोंदी वाचाव्यात. तेही झाले नाही तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवून क्रमाने एस, यू आणि बी या कळा, प्रत्येकीमध्ये दोनतीन सेकंद जाऊ देऊन दाबाव्यात: डिस्कवर लिहिणे पूर्ण होते, डिस्क सुरक्षित होते आणि यंत्र पुन्हा सुरू होते.

मोराकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा कामगार सहज म्हणाला, "सकाळच्याला कधीच येत नाही हे, ऊन चढलं की येतंय." अपडेटची नोंद मी तारखेनुसार तपासली होती, तासांनुसार कधीच पाहिली नव्हती. तापमान दाखवणारी आज्ञा चालवली तेव्हा कार्ड ९३ अंशांवर होते, आणि खोलीच तेव्हा चाळिशीच्या आसपास असावी. सोलापूरचा मे महिना कुणाला सांगायला नको. संगणकाचे झाकण उघडले. कार्डाच्या पंख्यामागच्या धातूच्या पात्यांवर सुताच्या तंतूंची एक गादी बसली होती, राखाडी, मऊ आणि इतकी घट्ट की चिमटीने धरून ओढली तर अखंड निघाली. शेजारच्या मागांवरून उडणारे तंतू वर्षभर तो पंखा आत ओढत होता. पंखा फिरत होता, पण वारा पात्यांपर्यंत पोहोचत नव्हता. यंत्र बंद करून, पंखा बोटाने धरून (हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरू देऊ नये) ब्रशने आणि ब्लोअरने पाती मोकळी केली, झाकण लावले आणि नक्षी दुपारभर उघडी ठेवली. तापमान ७१ अंशांच्या वर गेले नाही. ठिपके त्यानंतर दिसलेले नाहीत. स्वच्छ करूनही ते थंड यंत्रावर आले असते, तर कार्डाची मेमरीच गेली असे समजून नव्या कार्डाचा खर्च धरावा लागला असता.

दुसऱ्या मॉनिटरवरची जांभळट रेघ मात्र तशीच आहे. पॅनेल बदलण्याचा खर्च नव्या मॉनिटरच्या जवळपास जातो असे दुकानदाराने सांगितल्यावर मामांनी तो विषय संपवला. आता त्या मॉनिटरवर नक्षी डाव्या बाजूला उघडतात आणि रेघेच्या खाली रंगांची पेटी ठेवतात.